'रेस' की 'अपोलो'? आधी कोणता अल्बम घ्यावा

अंतराळावरचा एकच अल्बम घ्यायचा असेल, तर माझ्या लेखी चुरस दोघांतच आहे. एक लंडनच्या पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग या रॉक बँडचा 'द रेस फॉर स्पेस' (२०१५). दुसरा इंग्लिश संगीतकार ब्रायन ईनोने भाऊ रॉजर आणि डॅनियल लॅन्वा यांच्यासोबत केलेला 'अपोलो' (१९८३).

'रेस'मध्ये गायक जवळजवळ नाहीतच. जुन्या फिल्मांतले आणि नियंत्रण कक्षातले खरे आवाज, त्यांच्याभोवती गिटार-ड्रम्स. १९५७च्या स्पुतनिक उपग्रहापासून १९७२च्या अपोलो १७ या चांद्रमोहिमेपर्यंतचा प्रवास नऊ ट्रॅकमध्ये. 'गागारिन'मधली ट्रंपेट ऐकून तर वरातच निघाल्यासारखं वाटतं, आणि लगेच पुढे 'फायर इन द कॉकपिट': जानेवारी १९६७, जमिनीवरच्या चाचणीत अपोलो १ला आग, तिघे गेले. इथे ताल नाहीच, नुसती घुसमट.

पण अल्बम विकत घ्यायचा तो 'द अदर साइड'साठी. डिसेंबर १९६८. अपोलो ८ चंद्रामागे जातं, संपर्क तुटतो. इथे वाद्यंही मागे सरतात, कानात उरते बारीक घरघर. शेवट ठाऊक असूनही मी दर वेळी श्वास रोखतो. मग यानाचा आवाज परत येतो आणि सगळा बँड एकदम उसळतो.

अडचण एकच. हे आवाज खरखरीत इंग्रजीतले. शब्द निसटले तर अर्धी गंमत गेली, त्यामुळे स्वयंपाक करता करता ऐकायचा हा अल्बम नव्हे.

'अपोलो'त बोलणंच नाही. अल राइनर्टच्या अपोलो मोहिमांवरच्या माहितीपटासाठी केलेलं हे संगीत. घटना नाहीत, खिडकीतून दिसणारा काळोख आहे. मध्येच लॅन्वाची पेडल स्टील गिटार, म्हणजे चक्क अमेरिकन कंट्री संगीत! अंतराळवीर सोबत कंट्रीच्या कॅसेट न्यायचे, त्याची ही आठवण. 'अॅन एंडिंग (असेंट)' तुम्ही कुठल्या तरी चित्रपटात किंवा जाहिरातीत नकळत ऐकलंही असेल. रात्री दिवा मालवून ऐकायला याला तोड नाही. सलग ऐकताना मात्र मला दोनदा डुलकी लागली आहे.

शाळकरी मुलं घरात असतील, इतिहासाची आवड असेल, तर डोळे मिटून 'रेस' घ्या. दिवसभर बोलून-ऐकून कान किटले असतील तर 'अपोलो'. त्याची २०१९ची आवृत्ती घेतलीत तर ११ नवे ट्रॅकही मिळतील. मला तरी त्यांच्यासाठी जादा पैसे मोजावेसे वाटले नाहीत.