‘गॅरंटीड स्ट्रीम्स’ घेण्याआधी हे वाचा

गेल्या गणपतीच्या आधी आमच्या तिघांच्या गटाने एक गाणं काढलं. साताऱ्याकडची जात्यावरची चाल, सोबत थोडी गिटार, गायिका आमच्यातलीच. वितरकामार्फत (गाणी ॲप्सवर चढवणारी आणि त्यांचे पैसे कलाकाराला पोचवणारी कंपनी) ते सगळ्या ॲप्सवर चढलं आणि लगेचच इन्स्टाग्रामवर एका ‘म्युझिक मार्केटिंग’वाल्याचा मेसेज आला. प्रोफाइल झकास, नावाजलेल्या गायकांबरोबर फोटो (तसे फोटो काय, कुठल्याही कार्यक्रमात विंगेत घुसून काढता येतात). बोलणं थेट होतं. “सर, ६,००० रुपयांत ५०,००० स्ट्रीम्स, प्लेलिस्ट प्लेसमेंट, १०० टक्के ऑर्गॅनिक, नॉन-ड्रॉप.” म्हणजे ऐकणारे आपणहून आलेले आणि आकडा नंतर घसरणार नाही. ऐकणारे खरे असतात ना, असं विचारलं तर म्हणाला, “सगळे रिअल लिसनर्स, सर. बॉट असते तर गॅरंटी दिली असती का?”

खरं तर बरोबर उलटं आहे. गॅरंटी फक्त बॉटची, म्हणजे आपोआप गाणी वाजवत राहणाऱ्या प्रोग्रॅमचीच देता येते. माणसाने गाणं ऐकावं याची हमी मोठमोठ्या कंपन्यांनाही देता येत नाही, कारण माणूस दहाव्या सेकंदाला कंटाळून पुढे जाऊ शकतो. स्पॉटिफायवर ३० सेकंद गाणं वाजलं की एक स्ट्रीम धरला जातो. बॉट कंटाळत नाही, म्हणून त्याचा आकडा आधीच सांगता येतो.

पैसे यूपीआयने गेले. नेहमीच्या ऑनलाइन फसवणुकीत माणूस पैसे घेऊन गायब होतो. हा झाला नाही. कबूल केलेला आकडा त्याने दिला, आणि खरं नुकसान त्या आकड्यानेच केलं. आलेख एकदम उभा चढला, पण गाणं सेव्ह करणारे आणि गायिकेला फॉलो करणारे जेवढ्यास तेवढेच. शहरांच्या यादीत पहिलं फ्रँकफर्ट, मग हेलसिंकी. फ्रँकफर्टात मराठी माणसं आहेत, मान्य. पण जात्यावरची ओवी ऐकायला साताऱ्यापेक्षा जास्त? ज्या प्लेलिस्टमधून हे सगळं येत होतं ती उघडली तर आमच्या गाण्याच्या वर स्पॅनिश रॅप आणि खाली झोपेसाठी पावसाचे आवाज.

मग वितरकाचा मेल आला. कृत्रिम स्ट्रीम्स आढळले आहेत, गाणं सर्व ठिकाणांहून काढण्यात येत आहे, त्याची रॉयल्टी रोखली आहे. ‘सर्व ठिकाणांहून’ या शब्दांचा अर्थ नंतर कळला. एका ॲपवर बॉट सापडले तरी गाणं सगळीकडून उतरलं, इन्स्टाग्रामच्या ऑडिओतूनही. गावाकडच्या बायकांनी गौरीच्या सणाला त्यावर रील्स केली होती. ती सगळी मुकी झाली. ते ऐकणं खरं होतं, तेवढंच होतं, आणि तेच गेलं. ६,००० रुपयांचं मला एवढं वाईट वाटत नाही.

नियम आता कडक आहेत. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम्स नसतील तर त्या गाण्याला रॉयल्टी मिळत नाही. नव्या कलाकारांना दलाल याच आकड्याची भीती घालतात. पण कृत्रिम स्ट्रीम्सचे पैसे मिळत नाहीतच. उलट उघड उघड खोटे स्ट्रीम्स सापडले तर स्पॉटिफाय त्या गाण्यामागे लेबलला किंवा वितरकाला दंड लावतं आणि बरेच वितरक तो कलाकाराच्या खात्यातून वळता करतात. हा कडकपणा उगीच नाही. रॉयल्टी एकाच सामायिक रकमेतून वाटली जाते, त्यामुळे खोटा स्ट्रीम दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातले पैसे खातो. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी मायकल स्मिथ नावाच्या माणसावर आरोप ठेवले: एआयने बनवलेली लाखो गाणी बॉटकडून वाजवून घेऊन त्याने १ कोटी डॉलरहून जास्त रॉयल्टी उचलली. कुठलंही एक गाणं नजरेत भरू नये म्हणून स्ट्रीम्स असंख्य गाण्यांवर पसरवले होते, असं आरोपपत्र सांगतं. आपल्याकडचे सहा हजारवाले एवढी तसदी घेत नाहीत. सगळा ढीग तुमच्या एका गाण्यावर ओततात.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. एक रुपया न देताही तुम्ही यात सापडू शकता. गिऱ्हाइकांची गाणी लपावीत म्हणून हे लोक प्लेलिस्टमध्ये अनोळखी कलाकारांची गाणीही घुसवतात. म्हणून गाणं आल्यावर पहिले काही आठवडे स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समध्ये (कलाकारांना आपल्या गाण्यांचे आकडे दाखवणारं स्पॉटिफायचं खातं) शहरं आणि प्लेलिस्ट रोज बघा. अनोळखी प्लेलिस्टमधून अचानक लोंढा आला तर स्क्रीनशॉट काढा, संशयास्पद प्लेलिस्ट कळवायचा स्पॉटिफायचा फॉर्म भरा आणि वितरकाचा मेल येण्याची वाट न बघता त्याला आधी लिहा.

प्लेलिस्टसाठी पैसे लागत नाहीत. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं याच फॉर आर्टिस्ट्स खात्यातून फुकट पाठवता येतं, फक्त प्रदर्शनाच्या किमान ७ दिवस आधी. खर्च करायचाच असेल तर स्वतःच्या खात्यातून जाहिरात चालवा, तिच्यावर किती लोकांनी क्लिक केलं ते निदान दिसतं. कुणी प्रमोशनवाला भेटला तर विचारा, जाहिरात कुठे लावणार, तिचे आकडे मला दाखवाल का? आमच्या त्या मार्केटिंगवाल्याला हे विचारल्यावर तो म्हणाला, “सर, ते आमचं सिक्रेट आहे.” आणि लॉगिन तर कुणालाच देऊ नका.

आमच्यासारखे फसला असाल तर १९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि सगळं चॅट हाताशी ठेवा. तक्रारीत जोर द्या तो ‘रिअल लिसनर्स’ या त्याच्याच लेखी शब्दांवर, कारण “सर, स्ट्रीम्स तर दिले ना?” हे उत्तर त्याच्याकडे तयार असतं. आमच्याशी पहिला वाद झाल्यावर त्याने तो मेसेज अनसेंड केला. गायिकेने स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवला होता.