डिझाइनचा दाखला दाखवून 'पेटंट झालं' सांगतात, सावध राहा

खानापूर, निपाणी, चिकोडी या बेळगावकडच्या पट्ट्यात उसातली मोटर घरबसल्या चालू-बंद करणारी लोरा (लांबवर सिग्नल पाठवणारी रेडिओ पद्धत) यंत्रं बनवणारी हुशार पोरं आहेत. त्यातल्याच एकानं, वाढलेल्या ओल्या उसातूनही सिग्नल पोचावा म्हणून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींसाठी नव्या बांधणीचा अँटेना केला. पेटंट करून देतो म्हणणाऱ्या एका सल्लागारानं चाळीसएक हजार घेतले आणि शिक्क्याचा एक दाखला व एक पावती हातात ठेवली. आज तोच अँटेना वेगळ्या डबीत घालून दुसराच कुणी विकतोय, आणि त्याला अडवायला या पोराकडे काहीही नाही.

दाखला होता कोलकात्याच्या डिझाइन नोंदणीचा. डिझाइन कायदा २००० फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाला संरक्षण देतो. फीड (सिग्नलची तार) कुठे जोडला, ग्राउंडला (अँटेनाच्या तळच्या धातूच्या भागाला) खाच किती पाडली, त्यानं बँडविड्थ (अँटेना नीट चालतो तो लहरींचा पट्टा) का वाढली, यातलं काहीच त्यात येत नाही. डबी बदलली की नक्कल करणारा सुटला.

पावती खरी होती, पण प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरत्या पेटंट अर्जाची. त्यानंतर १२ महिन्यांत कंप्लीट स्पेसिफिकेशन (शोधाचं पूर्ण वर्णन) भरलं नाही, तर अर्ज सोडून दिला असं कायदा धरतो. सल्लागारानं ते भरलंच नाही. एवढंच असतं तर नवा अर्ज करता आला असता. पण पेटंट झालंय या भरवशावर मधल्या काळात अँटेना कृषी मेळाव्यात मांडला गेला, यूट्यूबवर उघडून दाखवला गेला, विकलाही गेला. नावीन्य तिथंच संपलं. प्रदर्शनाची सवलत कायद्यात आहे, पण ती केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती.

प्रोव्हिजनलचा मसुदाही पोकळ होता, आणि हे सर्वांत वाईट. त्यात लिहिलं होतं ते ८६ मिलिमीटर तांब्याच्या दांडीबद्दल. ८६६ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३४६ मिलिमीटर, तिचा चौथा हिस्सा साधारण ८६. हे कुठल्याही रेडिओ तंत्रज्ञाला पाठ असतं. नवी होती ती खाच, आणि तिचा उल्लेखच नाही. जे प्रोव्हिजनलमध्ये लिहिलेलं नाही, त्याला त्या अर्जाची तारीख मिळत नाही. म्हणून पहिल्याच अर्जात सगळ्या बाजूंची रेखाचित्रं, बोर्डाची जाडी आणि डायइलेक्ट्रिक स्थिरांक (बोर्डाच्या पदार्थाचा विद्युत गुणधर्म), खाचेसह आणि खाचेविना मोजलेला एस-११ चा (अँटेनाकडून किती सिग्नल परत फिरतो त्याचा) आलेख, हे सगळं घाला. दाव्यात, म्हणजे हक्क कशावर मागता ते सांगणाऱ्या भागात, नुसते मिलिमीटर नकोत. तरंगलांबीशी प्रमाण आणि त्याची कमाल-किमान मर्यादा लिहा, नाहीतर समोरचा दोन मिलिमीटर सरकवून मोकळा होतो.

पैसे देण्याआधी एजंटचं नाव पेटंट कार्यालयाच्या नोंदवहीत शोधा. ती ऑनलाइन खुली आहे. बेळगावचा अर्जदार चेन्नई कार्यालयाखाली येतो, मुंबईखाली नाही. पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगडचा मात्र मुंबईखाली. अर्ज क्रमांक बारा आकडी असतो: आधी वर्ष, मग कार्यालयाचा आकडा, चेन्नईचा ४. दाखल्यावर सहा आकडे आणि पुढे -००१ दिसलं तर ते डिझाइन. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये (३० पानं, १० दावे यांपर्यंत) आणि तपासणीच्या फॉर्म १८ ची ४,०००; बाकीचा पैसा एजंटच्या मेहनतीचा, तेव्हा दोन्हींचा हिशेब वेगळा मागा. फॉर्म १ वर, म्हणजे मूळ अर्जावर, अर्जदार म्हणून कुणाचं नाव आहे ते स्वतः वाचा. काही ठिकाणी सल्लागार स्वतःचंच नाव घालतो आणि असाइनमेंटच्या (हक्क दुसऱ्याला देण्याच्या) कागदावर गुपचूप सही घेतो.

१८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. त्याचंही पेटंट म्हणून अभिनंदन करतात, पण तपासणी तेव्हा व्हायचीच असते. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना फॉर्म १८ भरायची मुदत ३१ महिने आहे. 'इंटरनॅशनल पेटंट' असं काही मिळत नाही. पीसीटी (अनेक देशांसाठी एकत्र करायच्या) अर्जानंतरही प्रत्येक देशात वेगळं जावं लागतं.

आधीच फसला असाल तर पावत्या, यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲप संदेश जपून ठेवा. तुमचा शोध दुसऱ्यानं आपल्या नावावर टाकला असेल, तर अर्ज प्रसिद्ध झाल्यावर आणि पेटंट मिळण्याआधी पेटंट कायद्याच्या कलम २५(१) खाली हरकत घेता येते. सल्लागाराविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करा, आणि पोलिसांकडेही लेखी द्या.