वयस्कर पोनीवर शो जंपिंगचे धडे : हॅम्पशायरमधील एका घोडेस्वारी शाळेचा अनुभव

मुलांना शो जंपिंग, म्हणजे घोड्यावरून अडथळे उडून पार करण्याचा खेळ, शिकवायचे असेल, तर सुरुवातीचे काही महिने तरी त्यांना तरुण आणि तडफदार घोड्यावर न बसवता वय झालेल्या, मुरलेल्या पोनीवरच (बुटक्या जातीच्या घोड्यावरच) बसवावे, असे मी दक्षिण इंग्लंडमधील मराठी पालकांना आवर्जून सांगेन. न्यू फॉरेस्ट या रानाच्या जवळ, हॅम्पशायरमधील एका लहानशा शाळेत माझी अकरा वर्षांची मुलगी सध्या हे शिकते आहे, आणि तिच्या वाट्याला आलेल्या बार्नी या पोनीने विशी ओलांडली आहे. एवढ्या वयाच्या जनावराला उड्या मारायला लावणे योग्य आहे का, हा प्रश्न कोणत्याही पालकाच्या मनात येईल, आणि तो यायलाच हवा. या शाळेने त्याचे उत्तर रोजच्या कामातून दिले आहे, आणि मुख्यतः त्याविषयीच मला लिहायचे आहे.

बार्नी न्यू फॉरेस्ट जातीचा आणि कुमैत रंगाचा आहे. या जातीचे पोनी आजही त्या रानात मोकळे चरताना दिसतात; मात्र ते बेवारस नसतात. चराईचा परंपरागत हक्क असलेली स्थानिक कुटुंबे त्यांची मालक असतात आणि शरद ऋतूत त्यांना हाकून एकत्र आणून त्यांची तपासणी केली जाते. खांद्यापाशी 148 सेंटीमीटर ही या जातीच्या उंचीची कमाल मर्यादा आहे. सडकेच्या कडेला, मोटारींच्या आणि माणसांच्या सहवासात पिढ्यान्‌पिढ्या वाढल्यामुळे असेल, पण हे पोनी सहसा बुजत नाहीत आणि उंचसखल जमिनीवर त्यांचा पाय पक्का पडतो. बार्नीच्या डोळ्यांवरचे खळगे आता खोल गेले आहेत, कपाळावर पांढरे केस उतरले आहेत आणि पाठ किंचित खोलगट झाली आहे. पण अंगावरची तुकतुकी कायम आहे, खूर वेळच्या वेळी साळलेले असतात आणि खोगीर त्याच्या आताच्या पाठीला बसेल असेच निवडलेले आहे. खोगिराची ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण वयाबरोबर घोड्याच्या पाठीचे स्नायू उतरतात आणि पूर्वी नीट बसणारे खोगीर पुढे रुतू लागते.

धडा पंचेचाळीस मिनिटांचा असतो आणि त्यातला सुरुवातीचा एक तृतीयांश वेळ उडीशिवायच जातो. तबेल्यातून बाहेर आल्यावर बार्नी मागचे पाय थोडे आखडून टाकतो. उतारवयात सांध्यांना जो ताठरपणा येतो, तोच हा. त्यामुळे प्रशिक्षिका त्याला आधी लगाम सैल सोडून बराच वेळ नुसते चालवायला लावतात, मग मोठी वर्तुळे, मग हलकी दुडकी, आणि पाय मोकळे झाल्याची खात्री पटल्यावरच जमिनीवर मांडलेल्या दांड्यांवरून दुडकी. घाईच्या पालकांना यात पैसे वाया गेल्यासारखे वाटतील, पण मुलीची बैठक जी काही सुधारली, ती मुख्यतः याच वेळात सुधारली. दांड्यांवरून जाताना पोनी पाय उंच उचलतो, पाठ हलते, आणि रिकिबीतला भार टाचेकडे नसेल तर स्वाराचा तोल तिथल्या तिथे जातो.

त्यानंतर फुलीसारख्या ठेवलेल्या दोन दांड्यांचा अडथळा, आणि धड्याच्या शेवटी अर्ध्या मीटरच्या आसपासचा सरळ अडथळा. प्रत्यक्ष उड्या मोजक्याच होतात, आणि दोन-तीन चांगल्या पडल्या की प्रशिक्षिका तिथेच थांबवतात. अडथळ्यांमधील अंतर त्या स्वतः पावलांनी मोजतात आणि प्रत्येक पोनीसाठी बदलतात. कॅन्टरमध्ये (दुडकीहून वेगवान चालीत) मोठ्या घोड्याची एक ढांग साधारण 3.6 मीटर धरली जाते, तर पोनीची तीन मीटरच्या आसपास असते, आणि बार्नीसारख्या वयस्काची त्याहूनही आखूड होऊ शकते. मोठ्या घोड्यांसाठी मांडलेले अंतर तसेच ठेवले, तर अशा पोनीला एकतर जीव तोडून धावावे लागते किंवा अडथळ्याच्या फार जवळ जाऊन उडावे लागते. इतर काही ठिकाणी दिवसभर एकच मांडणी ठेवलेली मी पाहिली आहे, म्हणून या शाळेचा हा नेम मला विशेष उल्लेखनीय वाटतो.

वयस्कर पोनी शिकवतो म्हणजे नेमके काय करतो, हे एका धड्यात फार स्पष्ट दिसले. मुलगी अडथळ्यापाशी पोहोचताच पुढे झुकत होती आणि त्याच क्षणी भीतीने लगाम आखडत होती. बार्नीने एक कान मागे वळवला, कॅन्टर सोडून दुडकी धरली आणि फुलीच्या दांड्यांसमोर शांतपणे उभा राहिला. तो उधळला नाही, बाजूला उसळला नाही, की तिला खाली टाकले नाही. प्रशिक्षिकांनी त्याच्या मानेत घातलेला चामडी पट्टा मुलीच्या बोटांत दिला, उडीच्या वेळी लगामाऐवजी तोच धरायला सांगितला आणि कुंपणापलीकडच्या ओक वृक्षाकडे पाहत राहायला सांगितले. पुढच्या फेरीला हात मानेवर राहिले, आणि बार्नी त्याच अडथळ्यावरून, त्याच वेगाने, अगदी सहज पार गेला. घोडा उडी घेताना मान पुढे आणि खाली ताणून स्वतःचा तोल सांभाळतो. त्याची मान आणि पाठ मोकळी सोडून उडीबरोबर पुढे झुकण्याची पद्धत इटालियन घोडदळातील अधिकारी फेडेरिको काप्रिली यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केली. मुलीला हे तत्त्व शब्दांत सांगून कळले असते की नाही, याची मला शंका आहे. तरुण घोडा अशा चुकीवर बिथरतो, तर कित्येक उत्साही घोडे स्वाराची चूक पोटात घालून तशीच उडी मारतात, आणि मग मुलाला आपण बरोबर बसलो होतो असेच वाटत राहते. बार्नी चूक झाली की थांबतो आणि ती सुधारली की उडतो, आणि इतका नि:संदिग्ध शिक्षक माणसांतही विरळाच.

मात्र त्याच्याकडून किती काम घ्यायचे, याला मर्यादा हवीच. उडीनंतर जमिनीवर उतरताना सगळा भार आधी पुढच्या पायांवर, तिथल्या कंडरांवर आणि सांध्यांवर येतो, आणि अडथळ्याची उंची वाढेल तसा तो वाढत जातो. म्हणूनच त्याचे अडथळे कमी उंचीचे असतात, एका दिवशी त्याच्याकडून उडीचा एकच धडा घेतला जातो, आणि जमीन पावसाने निसरडी किंवा उन्हाने कडक झाली असेल तर उड्या सरळ रद्द होतात. वजनाची अटही तितक्याच कडकपणे पाळली जाते. नोंदणीच्या वेळी वजन विचारतात आणि माझ्यासारख्या प्रौढांना बार्नीवर बसू देत नाहीत. हे अगदी योग्य आहे.

वय झाले म्हणजे पोनी निकामी झाला, असा समज असणाऱ्यांनी स्ट्रोलर या पोनीची हकीकत जाणून घ्यावी. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये मॅरियन कोक्स यांनी त्याच्यावर स्वार होऊन शो जंपिंगचे वैयक्तिक रौप्यपदक मिळवले, तेही मोठ्या घोड्यांसाठी मांडलेल्या अडथळ्यांवरून. त्या वेळी स्ट्रोलर अठरा वर्षांचा होता, आणि पुढे तो छत्तीस वर्षांचा होईपर्यंत जगला. तो अर्थातच अपवाद होता, आणि प्रत्येक वयस्कर पोनीकडून तशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे ठरेल. पण नीट सांभाळलेले शरीर किती काळ साथ देते, हे त्यावरून कळते.

शाळेच्या कार्यालयात स्थानिक कौन्सिलचा परवाना दर्शनी भागात लावलेला आहे. इंग्लंडमध्ये घोडे भाड्याने देणाऱ्या प्रत्येक शाळेला 2018 च्या नियमांनुसार तो बंधनकारक आहे. त्यासाठी पशुवैद्यकाची वार्षिक तपासणी आणि विमा लागतो, आणि तीन वर्षांखालील घोडा भाड्याने देता येत नाही. बार्नीचे सांधे आणि दात यांविषयी मी विचारले तेव्हा प्रशिक्षिकांनी टाळाटाळ न करता त्याच्या नोंदी काढून दाखवल्या.

उणिवा सांगायच्या तर पहिली जागेची. छप्पर असलेले मैदान नाही, त्यामुळे नोव्हेंबरपासून धडे वारंवार रद्द होतात आणि तसा निरोप कधीकधी आपण अर्ध्या वाटेत असताना येतो. दूरवरून येणाऱ्या कुटुंबांसाठी हे खरोखर त्रासाचे आहे आणि शाळेने यात सुधारणा करावी. दुसरी उणीव खर्चाची. एकट्याच्या धड्याचे पंचावन्न पौंड पडतात, हेल्मेट शाळा देते, पण छातीपाठीचे संरक्षक जाकीट स्वतःचे आणावे लागते. ते घेताना बीटा या ब्रिटनमधील घोडेस्वारी साहित्याच्या व्यापारी संघटनेच्या 2018 च्या मानकातील तिसरी पातळी लेबलवर पाहून घ्यावी, आणि स्वतःचे हेल्मेट विकत घ्यायचे झाल्यास कोणाचे वापरलेले जुने तर घेऊच नये, कारण एकदा आपटलेल्या हेल्मेटचे आतले नुकसान बाहेरून दिसत नाही. गटातील धडा स्वस्त पडतो, परंतु त्यात पोनींची अदलाबदल होते आणि बार्नीच मिळेल याची शाश्वती नसते.

ज्यांची मुले सत्तर-ऐंशी सेंटीमीटरचे अडथळे आधीच सफाईने पार करत आहेत आणि ज्यांना स्पर्धांत उतरायचे आहे, त्यांना ही शाळा लवकरच अपुरी पडेल. बाकी कोणालाही मी निःशंकपणे इथे पाठवीन. नोंदणी करताना वयस्कर पोनीवर एकट्याचा धडा हवा, असे स्पष्ट सांगावे आणि शक्यतो सकाळची वेळ मागावी, कारण बार्नीचा उडीचा एकुलता एक धडा बहुधा दुपारपर्यंत कोणीतरी घेऊन गेलेले असते. अर्धा तास आधी पोहोचल्यास मुलांना त्याला खरारा करू देतात, आणि त्याचे पैसे लागत नाहीत.