घरशिक्षणाचा तयार संच: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवायचे ठरले की साहित्य कुठून आणायचे, हा प्रश्न लगेच समोर येतो, आणि तो आयता सोडवून देणाऱ्या कंपन्याही आज बऱ्याच आहेत. आमच्या दहा वर्षांच्या मुलीसाठी आम्ही अशाच एका कंपनीचा वर्षभराचा संपूर्ण संच घेतला. त्यात सर्व विषयांची पाठ्यपुस्तके, स्वाध्यायपुस्तिका, पालकांसाठी हस्तपुस्तिका, विज्ञानाच्या प्रयोगांची पेटी, पाठांच्या चित्रफिती आणि दर आठवड्याला मुलांचे काम तपासून देणाऱ्या शिक्षिकेची सेवा, एवढे सारे येते. शुल्क एकरकमी भरावे लागते आणि त्यातला किती भाग कशाचा, हे कंपनी सांगत नाही. वर्षभर वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की या संचातील एकाच घटकासाठी पैसे मोजणे योग्य आहे, आणि जाहिरातीत नेमका त्याचाच उल्लेख सर्वांत कमी असतो.

आधी चित्रफितींविषयी. त्या नीटनेटक्या आहेत, त्यांत चुका नाहीत, पण त्यांच्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. खान अकॅडमी ही २००८ मध्ये सुरू झालेली ना-नफा संस्था गणित आणि विज्ञानाचे पाठ विनामूल्य देते. तेथे पाठाखाली सराव असतो, अडल्यास टप्प्याटप्प्याने सूचना मिळतात, आणि मुलाचे कोणते कौशल्य कच्चे आहे ते पालकांना स्वतंत्र पानावर दिसते. भूमितीसाठी जिओजेब्रा हे आकृत्या काढण्याचे सॉफ्टवेअर आणि संगणकाच्या आज्ञावली रचण्याची ओळख होण्यासाठी एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये खुले केलेले स्क्रॅच, हीदेखील घरी विनामूल्य वापरता येतात. इंग्रजी वाचनासाठी १९७१ मध्ये सुरू झालेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गवर स्वामित्वहक्क संपलेली हजारो पुस्तके आहेत, आणि त्यांपैकी अनेक लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवकांच्या आवाजात ऐकताही येतात. विनामूल्य साहित्य छापत बसलो तर शाईचा खर्च वाढतो, हे खरे आहे. मात्र गणिते पडद्यावर पाहून वहीत सोडवली आणि फक्त नकाशे व आलेख छापले, तर तो सहज आटोक्यात राहतो.

स्वाध्यायपुस्तिकांबाबत माझी स्पष्ट तक्रार आहे. त्यांत उत्तरे पुस्तिकेतच लिहायची असतात, म्हणून एका मुलाने भरली की ती संपली. छायाप्रत काढण्यास परवान्यात मनाई आहे आणि चित्रफितींचे खातेही एकाच मुलापुरते आहे. ज्यांच्या घरी पाठोपाठची दोन मुले आहेत, त्यांचा खर्च त्यामुळे जवळजवळ दुप्पट होतो. पाठ्यपुस्तक धाकट्या भावंडाला चालते, पुस्तिका चालत नाही, ही गोष्ट पैसे भरण्यापूर्वी कंपनीने ठळकपणे सांगायला हवी होती. प्रयोगांच्या पेटीतील चुंबक, भिंग, तारा आणि छोटी मोटर यांचा दर्जा चांगला आहे, पण या वस्तू सुट्या कुठेही मिळतात.

हस्तपुस्तिका उपयोगी आहे. आज कोणता पाठ घ्यायचा, आधी काय तयार ठेवायचे, मुलाला कोणते प्रश्न विचारायचे, हे रोजच्या पानावर दिलेले असल्यामुळे पालकांचा नियोजनाचा वेळ वाचतो. घरी शिकवण्याच्या हिशेबात सर्वांत मोठी रक्कम पालकांच्या वेळेचीच असते. एकाने नोकरी सोडली किंवा कामाचे तास कमी केले, तर बुडालेले उत्पन्न कोणत्याही पावतीवर दिसत नाही, पण ते पुस्तकांच्या खर्चाच्या कितीतरी पटींनी जास्त असते. मूल हा संच घेऊन स्वतःच शिकेल, असे कंपनी म्हणते. दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ते खरे नाही, मोठ्या माणसाला शेजारी बसावेच लागते.

आता तपासणीविषयी, कारण संचाचे खरे मोल तिथे आहे. अपूर्णांकांच्या पाठात मुलीने एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश यांचे उत्तर दोन पंचमांश असे लिहिले होते, म्हणजे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला होता. संगणकावरचा सराव अशा उत्तराला चूक ठरवतो आणि योग्य रीत दाखवतो. शिक्षिकेने रीत सांगितलीच नाही. तिने समासात एवढेच लिहिले, ‘दोन पंचमांश हे अर्ध्यापेक्षा जास्त आहेत की कमी?’ मुलीने कागदाची पट्टी दुमडून पाहिली, अर्ध्यात भर घालूनही उत्तर अर्ध्याहून लहान आले आहे हे तिच्या ध्यानात आले, आणि पुढचे सगळे तिने स्वतः शोधले. निबंधांच्या बाबतीतही असेच घडले. शुद्धलेखनाच्या चुका आम्हीही दाखवू शकतो, पण दुसऱ्या परिच्छेदातील विधानाला आधार कुठे आहे, असे परक्या वाचकाने विचारले की मूल ते मनावर घेते. आईवडिलांनी विचारले तर वाद होतो.

मोठ्या वर्गांसाठी हाच संच पाहणाऱ्यांनी परीक्षेचा खर्च वेगळा धरावा, कारण तो शुल्कात येत नाही. उदाहरणार्थ, केंब्रिजच्या आयजीसीएसई या दहावीच्या पातळीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेला खासगी उमेदवार म्हणून, म्हणजे शाळेत नाव न घालता, बसायचे तर नोंदणी मान्यताप्राप्त केंद्रामार्फतच करावी लागते आणि केंद्र स्वतःचे शुल्क त्यात मिळवते. भौतिकशास्त्रासारख्या विषयात प्रयोगशाळेतील परीक्षेऐवजी प्रात्यक्षिकाला पर्याय असलेली लेखी प्रश्नपत्रिका निवडता येते, त्यामुळे प्रयोगशाळा शोधण्याचा व्याप टळतो. केंद्र कोणते विषय आणि पर्याय देते, याची चौकशी अभ्यासक्रम विकत घेण्याआधी करावी.

घरी शिकवण्याचे हे पहिलेच वर्ष असेल आणि आखणीचा आत्मविश्वास नसेल, तर हस्तपुस्तिकेसाठी एक वर्ष संपूर्ण संच घेण्यास हरकत नाही. ज्यांची घडी बसली आहे त्यांनी तो घेऊ नये. कंपनी भाषेच्या लेखनाची तपासणी सुटी देते आणि आम्ही पुढील वर्षासाठी तेवढीच वर्गणी भरली आहे. गणिताची तपासणी अशी सुटी मिळत नाही, ती मिळावी अशी मागणी आम्ही लेखी कळवली आहे.