मॉनिटरलाच टीव्ही केला, उन्हाळा पावसाळा काढला, आता लिहितो

आधी आवाजाचं सांगतो, कारण घेताना सगळे स्क्रीनचंच विचारतात अन् नंतर बोंबलतात आवाजावरून. माझा २४ इंची आयपीएस (पडद्याचा एक प्रकार) फुल एचडी मॉनिटर आहे, १०० हर्ट्झवाला म्हणजे चित्र सेकंदाला शंभरदा बदलणारा, आठ हजाराच्या आसपास पडला, कंपनी सांगत नाही कारण या किमतीत सगळे उन्नीस-बीस. आत दोन दोन वॅटचे स्पीकर आहेत म्हणे. म्हणे अशासाठी की एप्रिल-मेमध्ये जळगावात कूलरशिवाय घरात बसता येत नाही आणि कूलर चालू असला की बातम्या देणारा नुसता तोंड हलवतो भो. काही मॉनिटरला तर स्पीकर नसतातच, खोक्यावर नीट वाचून घ्या. मागे हेडफोनचं भोक आहे का ते नक्की बघा, त्यात साधे वायरवाले कॉम्प्युटर स्पीकर लावले की झालं, फक्त आवाजाचं गोल बटण पुढच्या बाजूला असलेले घ्या, कारण स्टिकच्या (मॉनिटरला खोचून नेटवरचं टीव्हीसारखं दाखवणारी कांडी) रिमोटने टीव्हीचा आवाज होतो तसा साध्या मॉनिटरचा होईलच असं नाही, मग दर वेळी उठून खालचं बटण चाचपत मेनूत शिरायचं.

मी दिवसभर दुकानांचे हिशोब टॅली अन् एक्सेलमध्ये टाकतो, संध्याकाळी त्याच टेबलावर क्रिकेट, माय बघते सिरीयल. सगळे म्हणत होते की थोडे पैसे टाकून ३२ इंची टीव्हीच घे, दोन्ही कामं होतील. नाही होत. स्वस्तातला ३२ इंची बहुतेक एचडी रेडी असतो, म्हणजे आडवे-उभे १३६६ बाय ७६८ ठिपके (पिक्सेल), म्हणजे इंचाला पन्नाससुद्धा भरत नाहीत. माझ्या २४ इंचीत ब्याण्णव बसतात. दहा फुटावरून कळत नाही, पण टेबलावर दोन फुटावरून बघाल तर अक्षरं दातेरी दिसतात. वरून बरेच टीव्ही कॉम्प्युटरचा रंगाचा सिग्नल अर्धवटच दाखवतात, त्यामुळे लाल-निळी अक्षरं फिसकटतात, आणि चित्र जरा मोठं करून कडा कापतात, तिथे खालची टास्कबार गायब. सेटिंगमध्ये कॉम्प्युटरची केबल लावलेल्या एचडीएमआय भोकाला पीसी असं नाव दिलं की काही टीव्हीत हे सुटतं, सगळ्यात नाही. गोलाणी मार्केट असो का कुठलंही दुकान, ते डेमोचे मासे-फुलं बघून भुलू नका, आपला लॅपटॉप अन् केबल न्या, काळ्या पाटीवर लाल अक्षरं टाइप करून दाखव म्हणा. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू द्या.

आयपीएस का, तर माय खाली गादीवर आडवी पडून बघते, मी खुर्चीत. दोघांना रंग सारखे दिसतात. व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलचा काळा रंग जास्त गडद असतो हे खरं, रात्री लाइट बंद केला की आयपीएसचा काळा राखाडीच वाटतो, पण खालून-बाजूने बघायचं असेल तर मी आयपीएसच सांगेन. चार माणसं एकदम बसली की मात्र २४ इंच पुरत नाही. धुळ्याचे मामा आले तर पहिला प्रश्न, "हाऊ टीव्ही शे का रे भो?"

खरी डोकेदुखी डिशची. आमच्याकडे दूरदर्शनची डीडी फ्री डिश, महिन्याचा खर्च शून्य, सह्याद्री दिसतं, मायचं भागतं. पण जुना बॉक्स तीन रंगाच्या वायरीवाला, मॉनिटरला ती भोकंच नसतात. कन्व्हर्टर मिळतो, मी लावून बघितला, चित्र ताणलेलं अन् धुरकट. मग एचडीएमआयवाला एमपीईजी-४ (नव्या प्रकारचा) बॉक्स घेतला. त्याची चित्राची सेटिंग १०८०आय, ५० हर्ट्झ होती, मॉनिटर म्हणे आउट ऑफ रेंज. ७२०पी केलं, लगेच दिसायला लागलं. हे तुम्हाला दुकानात कोणी सांगणार नाही. तसंच स्टिकची पॉवर मॉनिटरच्या यूएसबीतून घेऊ नका, असलीच तर ती कमी पडते अन् स्टिक मधेच रिस्टार्ट होते, तिचा स्वतःचा ॲडाप्टर लावा.

लाइट गेली की मात्र मजा. वीस-पंचवीस वॅट खातो, त्यामुळे मॉनिटर, राउटर अन् स्टिक घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतात. गरमीचं जरा बघा, बऱ्याच मॉनिटरच्या मॅन्युअलमध्ये चाळीस डिग्रीपर्यंतच चालवा असं असतं आणि आपल्याकडे बाहेर पंचेचाळीस. पत्र्याच्या खोलीत भर दुपारी चालू ठेवायची माझी तरी हिंमत नाही. भिंतीला टेकवू नका, मागे हवा खेळू द्या. कूलरचा ओला झोत थेट मागच्या जाळीवर येणार नाही असं ठेवा.

वॉरंटी मॉनिटरला बहुतेक तीन वर्षं, टीव्हीला एक. पण एखादा ठिपका कायम पेटलेला निघाला तर तेवढ्यावर बरेचदा बदलून देत नाहीत, म्हणून खोकं उघडल्या उघडल्या पूर्ण काळा अन् पूर्ण पांढरा फोटो लावून बघा, परत करायची मुदत आहे तोवरच.

आणि हो, जीएसटी कमी झाला म्हणून मॉनिटर स्वस्त झाला असं कोणी सांगितलं तर हसून सोडा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झाला तो ३२ इंचाच्या वरच्यांचा, ३२ पर्यंत २०१९ पासूनच १८ आहे.