मूलद्रव्यांचा तक्ता : पाचपैकी साडेतीन

मुलगी दहावीला आहे म्हणून ऑनलाइन मागवला, ३४० रुपयांत. कोणतं मूलद्रव्य विश्वात कुठं तयार झालं, ते रंगांनी दाखवणारा मराठी तक्ता. कुरिअरवाला गावात यायला तयार नाही. तालुक्याच्या बसस्टँडवर जाऊन आणला, तर नळी चेपलेली आणि हायड्रोजनच्या चौकोनावरच घडी. घरची भिंत पावसानं ओली, म्हणून माझ्या कृषी केंद्रात युरियाच्या थप्पीमागं टांगला. तिथं मात्र त्याचं सोनं झालं.

युरियाचं पोतं ४५ किलोचं. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे जवळपास पावणेएकवीस किलो. तक्त्यात नत्राचा रंग पिवळा. सूर्यासारखे किंवा त्याहून थोडे मोठे तारे म्हातारपणी फुगतात, अंगावरचे थर अवकाशात सोडून देतात, बहुतेक नत्र त्यातलं. मुलीनं वहीत पुढचा हिशेब मांडला : त्याच पोत्यात तीन किलो हायड्रोजन. तो कुठल्याच ताऱ्यात शिजलेला नाही, थेट महास्फोटातला, १३८० कोटी वर्षांचा. आणि गिऱ्हाईक भांडतं २६६ रुपये ५० पैशांतल्या वरच्या पन्नास पैशांवरून!

डीएपी खतातलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, अजस्र ताऱ्यांच्या स्फोटातून उधळलेलं. लोखंडाच्या चौकोनात दोन रंग आहेत, थोडं त्याच स्फोटांतलं, थोडं श्वेत बटू ताऱ्यांच्या, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांच्या, स्फोटांतलं. डवऱ्याची लोखंडी पास खांद्यावर घेऊन आलेल्या एका काकांना हे सांगितलं, तर त्यांनी पास उलटीपालटी करून पाहिली.

आता उणं. नावं 'फॉस्फरस', 'पोटॅशियम' अशीच छापलीत. स्फुरद-पालाश म्हटल्याशिवाय आमच्याकडं कोणाला कळते? शेवटी मुलीनं मार्करनं लिहिलं. दुसरं, सोन्याचा चौकोन सगळाच न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या रंगात. १७ ऑगस्ट २०१७ ला अशा टकरीच्या गुरुत्वीय लहरी लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांनी टिपल्या, नंतरच्या उजेडात जड मूलद्रव्यांच्या खुणाही दिसल्या, हे खरं. पण सगळं सोनं तिथलंच का, यावर शास्त्रज्ञांचा वाद मिटलेला नाही. दोन ओळींची टीप द्यायला काय झालं होतं? कागद मात्र जाड आहे, खताच्या धुळीत दोन महिने टिकला.

युरियासोबत दुसरा माल गळ्यात मारतात, त्याला लिंकिंग म्हणतात. काल एक आजोबा बराच वेळ तक्त्यासमोर उभे होते. मग मला म्हणाले, "काऊन जी, आता युरियासंगं लिंकिंगमंदी तारे बी घ्या लागते का?"