दोन फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञांपैकी भारी कोण, लामार्क की क्यूव्हिए?
लामार्क म्हटलं की शाळेतला तो मान ताणणारा जिराफ आठवतो आणि विषय तिथंच संपतो. क्यूव्हिए पण लामार्कच्याच पॅरिसच्या निसर्गविज्ञान म्युझियममधला, २५ वर्षांनी लहान पण भलताच वजनदार, मॅमथ कायमचे नामशेष झालेत हे त्याने हाडं मांडून दाखवलं, आयफेल टॉवरवर नाव आहे त्याचं. खरी गंमत इजिप्तहून आलेल्या आयबिस पक्ष्याच्या ममीची. क्यूव्हिएने हाडं मोजली, म्हणाला बघा, आजच्यासारखाच आहे, प्राणी बदलत नाहीत. प्राणी हळूहळू बदलतात असं मानणाऱ्या लामार्कचं म्हणणं, अहो दोन-तीन हजार वर्षं म्हणजे किती, आणि तिकडचं हवामान तरी कुठे बदललंय! हाडांचं काम क्यूव्हिएचं पक्कं, पण नजर लामार्कची लांबची. म्हातारपणी लामार्क आंधळा झाला, १८२९ ला गेला तेव्हा भाड्याची कबर, वर क्यूव्हिएने श्रद्धांजलीतही टोमणे मारले, हे काय पटत नाही राव.